ऑडिओचे सुटे भाग बनवणारी छोटी कंपनी विकली जाते तेव्हा

गाण्याच्या बाईंचा सीडी प्लेअर माझ्या टेबलावर आला तेव्हा त्याचा डाव्या बाजूचा आवाज पूर्ण गेला होता. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या एका शिष्याने परदेशातून येताना आणलेला, जाड पत्र्याचा, दोन्ही हातांनी उचलावा लागेल इतका जड. "अरे, यावर मी माझ्या गुरूंची शेवटची बैठक ऐकते. नवा घ्या असं सांगू नकोस," असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

झाकण काढलं. ट्रान्सफॉर्मर ठीक, वीजपुरवठा ठीक. मागच्या बाजूला, आउटपुटजवळ, वीस पायांच्या दोन काळ्या आयसी, म्हणजे चिपा, शेजारी शेजारी बसलेल्या: पीसीएम१७०४. एक डाव्या बाजूसाठी, एक उजव्या. दोघींच्या कोपऱ्यात 'बीबी' अशी दोन अक्षरं जोडून कोरलेली. स्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावून पाहिलं. सीडीवरून येणारे आकडे दोघींपर्यंत व्यवस्थित पोचत होते, पण डावीच्या पायातून बाहेर काहीच येत नव्हतं. रोग कळला. औषध कुठून आणायचं हा प्रश्न होता.

तपकीर गल्लीत ज्या दुकानातून मी वीस वर्षं माल घेतोय, तिथल्या शेठनी नंबर वाचून मान हलवली. "हा बंद होऊन जमाना झाला. कुणाकडे पडून असेल तर नशीब." मग ऑनलाइन दोन मागवल्या. आल्या त्या चकचकीत, अक्षरं अगदी ताजी. कापसावर थोडं थिनर घेऊन एकीच्या पाठीवरून फिरवलं, तर पांढरी अक्षरं कापसावर उतरली आणि खालून दुसऱ्याच कुठल्यातरी चिपचा अर्धवट घासलेला नंबर वर आला.

बाईंना हे सांगायला गेलो तेव्हा त्यांनी साधा प्रश्न विचारला. "ती कंपनीच बंद पडली का?" मी म्हटलं, बंद नाही पडली, विकली गेली. त्यावर त्या म्हणाल्या, "मग विकत घेणाऱ्याने बनवायला काय हरकत आहे?" त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर बरंच सांगावं लागतं, म्हणून हा लेख.

खोक्यावरचं नाव आणि खोक्यातला माल

स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, माइक यांची जी नावं आपण घेतो ती खोक्यावरची असतात. आतल्या मालातला महत्त्वाचा भाग बऱ्याचदा दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला असतो. सीडीवरच्या किंवा फोनमधल्या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप, म्हणजे डॅक. त्या नाजूक लहरीला बळ देणारी छोटी आयसी, म्हणजे ऑप-अ‍ॅम्प. स्पीकरच्या पेटीत बसणारा कोन आणि चुंबकाचा ड्रायव्हर, ज्याला आपल्या बाजारात नुसतं 'युनिट' म्हणतात. माइकच्या जाळीमागची कॅप्सूल. रेकॉर्ड प्लेअरवर सुई धरून फिरणारा टोनआर्म. हे चांगल्या दर्जाचं बनवणारी घराणी जगात मोजकीच आहेत, आणि त्यांची नावं गिऱ्हाइकाला सहसा माहीतही नसतात.

मिरजेच्या तंबोऱ्याचं उदाहरण घ्या. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो, लाकूडकाम एक जण करतो, आणि घोडीवर जवारी काढणारा हात तिसऱ्याचाच असू शकतो. तंबोरा ज्या दुकानाच्या नावाने विकला जातो ते दुकान उद्या कुणीही विकत घेईल. पण जवारी काढणारा हात निघून गेला, किंवा भोपळ्याची शेतीच थांबली, तर त्याचा फटका त्या एका दुकानाला बसत नाही. गल्लीतल्या सगळ्यांनाच बसतो.

सुट्या भागाचं असंच आहे. एखादं तयार अ‍ॅम्प्लिफायर बाजारातून गेलं तर गिऱ्हाईक दुसरं घेतं. पण एखाद्या भागाभोवती पाच-पन्नास कंपन्यांनी आपापली सर्किटं आखलेली असतात, पेट्यांची मापं ठरवलेली असतात, भोकं पाडलेली असतात. तो भाग गेला की त्या सगळ्यांना पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसावं लागतं, आणि आधी विकलेल्या यंत्रांची दुरुस्ती अडते ती वेगळीच. म्हणून एखादी सुट्या भागांची कंपनी विकली गेली की माझं लक्ष खरेदीच्या रकमेकडे कमी आणि तिच्या मालाच्या यादीकडे जास्त असतं.

बर-ब्राउनची गोष्ट

त्या 'बीबी'चा अर्थ बर-ब्राउन. १९५६ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन गावी पेज बर आणि थॉमस ब्राउन या दोघांनी सुरू केलेली कंपनी. बर लवकरच बाहेर पडले, नाव मात्र दोघांचं राहिलं. अचूक मोजमापाच्या आयसी ही त्यांची खासियत. कारखान्यातलं तापमान, दवाखान्यातली यंत्रं, प्रयोगशाळेतली उपकरणं यांसाठी लागणारी अचूकता त्यांनी आवाजाच्या कामालाही लावली.

पीसीएम१७०४ काय करते ते थोडक्यात सांगतो, कारण ती बंद का झाली हे त्यातच दडलंय. ती २४ बिटांची आहे. म्हणजे शांततेपासून सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्या. प्रत्येक पायरीसाठी विजेचा नेमका तेवढाच प्रवाह तयार व्हायला हवा, आणि तो ठरतो चिपमधल्या बारीक रोधकांच्या शिडीवर. वरच्या टोकाच्या रोधकात केसाएवढा फरक पडला तरी तो खालच्या हजारो पायऱ्यांना गिळून टाकतो. म्हणून कारखान्यात प्रत्येक चिपमधल्या रोधकांच्या पट्टीला लेझरने बारीक चीर देऊन किंमत जुळवायची, मोजायची, आणि मग दर्जाप्रमाणे वेगळं काढायचं. सर्वांत सरस मालावर 'के' हे अक्षर. एवढं करून एका चिपमध्ये एकच बाजू, म्हणजे डाव्या-उजव्याला दोन चिपा घ्यायच्या.

तोवर दुसरी पद्धत रुळत होती. तिला डेल्टा-सिग्मा म्हणतात. तीत रोधकांची लांबलचक शिडी लागत नाही. थोड्याच पायऱ्या, पण फार मोठ्या वेगाने खाली-वर करायच्या आणि त्यांच्या सरासरीतून लहर घडवायची. कष्टाचं काम रोधकांकडून गणिताकडे जातं, आणि गणित सिलिकॉनवर स्वस्तात होतं. एका चिपमध्ये दोन, सहा, आठ बाजू बसतात. लेझर नको, वेचणं नको.

२००० साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या मोठ्या अमेरिकी चिप कंपनीने बर-ब्राउन सुमारे ७६० कोटी डॉलरच्या शेअरच्या बदल्यात घेतली. टेक्सासने त्याआधीच्या काही वर्षांत मेमरीसारखे धंदे विकून आकडेमोड करणाऱ्या प्रोसेसर चिपा आणि अ‍ॅनालॉग चिपा या दोन्हींवर लक्ष एकवटलं होतं. यामागचा हिशेब समजायला सोपा आहे. प्रोसेसर आकड्यांवर काम करतो, पण आवाज, उष्णता, दाब हे जगात आकड्यांच्या रूपात येत नाहीत. आत शिरताना लहरीचे आकडे करायला एक चिप लागते आणि बाहेर पडताना आकड्यांची लहर करायला दुसरी. प्रोसेसर आपला आणि दोन्ही दारांवरचे पहारेकरी दुसऱ्याचे, यापेक्षा तिन्ही आपलेच असलेले बरे. बर-ब्राउन त्या पहारेकऱ्यांत नावाजलेली होती. पुढे २०११ मध्ये टेक्सासने नॅशनल सेमिकंडक्टर ६५० कोटी डॉलरला घेतली, तेव्हा तिच्याही नावाजलेल्या ऑडिओ आयसी याच छताखाली आल्या.

आता मला मनापासून सांगायचंय ते असं, की या खरेदीने बर-ब्राउनचं काम मेलं नाही. ओपीए२१३४ ही तिची ऑप-अ‍ॅम्प आजही नवी मिळते, आणि मी दर महिन्याला एक-दोन तरी लावतो. पीसीएम१७९२ आणि पीसीएम१७९४ या खरेदीनंतरच्या डॅक पुढे कितीतरी चांगल्या यंत्रांत बसल्या. ओपीए१६१२ आणि २०१९ ची ओपीए१६५६ या तर मोजमापात जुन्यांना मागे टाकतात. डेटाशीटवर, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकावर, 'बर-ब्राउन ऑडिओ' हे चिन्ह टेक्सासने बरीच वर्षं मानाने मिरवलं. मोठ्या घरात गेल्यावर त्या माणसांना चांगले कारखाने आणि पैसा मिळाला, हे नाकारणं खोटेपणाचं होईल.

पण पीसीएम१७०४ गेली. ती गेली ती मालक बदलल्याच्या दिवशी नाही, त्यानंतर काही वर्षांनी आणि हळूहळू.

यादीवरून नाव कसं कापलं जातं

ही रीत ठरलेली आहे आणि ती माहीत असलेली बरी. आधी कंपनीच्या यादीत त्या भागापुढे 'नव्या डिझाइनसाठी शिफारस नाही' असं लिहून येतं. माल मिळत असतो, पण इशारा दिलेला असतो. मग एक दिवस गिऱ्हाइकांना पत्र जातं: अमुक तारखेपर्यंत शेवटची ऑर्डर द्या, तमुक तारखेपर्यंत माल पोचता करू. साधारण सहा महिने ऑर्डरीला आणि वर्षभर मालाला, अशी या धंद्यातली प्रथा आहे. याला 'लास्ट टाइम बाय' म्हणतात.

मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला हे पत्र आलं की ते पाच वर्षांचा साठा करून ठेवतात. महिन्याला वीस यंत्रं बनवणाऱ्या माणसाकडे तेवढे पैसे नसतात. पीसीएम१७०४ सारखी महाग चिप असेल तर नसतातच. आणि पुण्या-मुंबईतल्या दुरुस्तीवाल्यापर्यंत ते पत्र येतच नाही. त्याला कळतं ते दुकानातल्या शेठनी मान हलवली की.

नाव कापलं जाण्याची कारणंही बहुतेक वेळा साधी असतात. त्या चिपसाठी लागणारी जुनी उत्पादनपद्धत, जुनी यंत्रं, जुन्या मापाच्या सिलिकॉनच्या चकत्या यांवर आता इतर काहीच बनत नसतं. एका चिपसाठी आख्खी लाइन चालू ठेवणं छोट्या कंपनीलाही जडच जातं. फरक एवढाच, की छोट्या कंपनीत ती चिप म्हणजे प्रतिष्ठा असते आणि ती बंद करायची म्हटली की आतूनच कुणीतरी भांडतो. हजारो भाग विकणाऱ्या कंपनीत ती तक्त्यातली एक ओळ असते. बाईंच्या प्रश्नाचं माझ्यापाशी असलेलं सर्वांत प्रामाणिक उत्तर हेच आहे.

एक जुनी घटना मात्र मला नेहमी धीर देते. एसएसएम नावाची, संगीताच्या यंत्रांसाठीच चिपा बनवणारी छोटी अमेरिकी कंपनी होती. ती प्रिसिजन मोनोलिथिक्सकडे गेली, आणि १९९० मध्ये प्रिसिजन मोनोलिथिक्सच अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे. त्या मालिकेतली एसएसएम२०१७ ही माइकचा आवाज वाढवणारी चिप कितीतरी मिक्सरमध्ये होती. ती बंद झाल्यावर हाहाकार उडाला. पण मागणी एवढी होती की पायाला पाय जुळणारे पर्याय आले. बर-ब्राउनची आयएनए२१७ आली, दॅट कॉर्पोरेशनची १५१० आली, आणि अ‍ॅनालॉग डिव्हायसेसने स्वतःच एसएसएम२०१९ आणली. जुनी काढा, त्याच भोकांत नवी बसवा. मागणी मोठी असली आणि भागाचं काम सर्वांना कळणारं असलं, तर वाट निघते. पीसीएम१७०४ च्या बाबतीत दोन्ही नव्हतं.

एकाच गिऱ्हाइकावर उभं राहिलेलं घर

छोट्या कंपन्या विकायला का निघतात? पैशाची हाव हे उत्तर सोपं वाटतं, पण पुरेसं नाही. एडिनबराच्या वुल्फसनकडे पाहा. विद्यापीठातल्या संशोधनातून १९८४ साली उभी राहिलेली कंपनी. छोट्या, कमी वीज खाणाऱ्या आणि कानाला गोड लागणाऱ्या ऑडिओ चिपा हा तिचा हातखंडा. २००१ च्या पहिल्या आयपॉडमध्ये तिची चिप होती, आणि पुढच्या काही आयपॉडांतही. २००३ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली. आणि २००७ च्या आयपॉड क्लासिकमध्ये अ‍ॅपलने वुल्फसनऐवजी सिरस लॉजिक या स्पर्धक कंपनीची चिप घेतली.

तुमच्या वाड्याच्या मुख्य खांबाचं लाकूडच कुणीतरी काढून नेलं, असं ते झालं. वुल्फसनने सॅमसंगच्या गॅलॅक्सी फोनांत जागा मिळवली, धडपड केली, पण फोनच्या चिपांत दर दीड-दोन वर्षांनी नवी पिढी आणावी लागते आणि त्यासाठी पैसा सतत ओतावा लागतो. २०१४ मध्ये वुल्फसन २९.१ कोटी पौंडांना विकली गेली. घेणारी कंपनी होती सिरस लॉजिक, जिने सात वर्षांपूर्वी तिचं गिऱ्हाईक नेलं होतं. चिपांवरची 'डब्ल्यूएम' ही अक्षरं राहिली, वुल्फसन हे नाव गेलं. आणि आज सिरसच्या स्वतःच्या विक्रीतला पाऊण हिस्सा, त्याहूनही जास्त, एकट्या अ‍ॅपलवर उभा आहे.

पुरवठादारांची संख्या कमी होत गेली की काय होतं हे २०२० च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. त्यात खरेदी-विक्रीचा काहीच संबंध नव्हता. जपानमधल्या नोबेओका इथल्या असाही कासेईच्या चिप कारखान्याला आग लागली आणि ती तीन दिवसांहून जास्त जळत राहिली. त्यांच्या एकेएम या नावाने विकल्या जाणाऱ्या डॅक जगभरच्या नामांकित यंत्रांत होत्या. कित्येक कंपन्यांनी आपली सर्किटं दुसऱ्या चिपेसाठी नव्याने आखली. दहा दारं असलेल्या वाड्यात एक दार बंद झालं तर चालतं. तीनच दारं उरलेली असतील तर घरातली सगळी माणसं अडतात.

डेन्मार्कची युनिटं

स्पीकर युनिटांच्या जगात डेन्मार्कला जे स्थान आहे ते पाहून मला नेहमी आश्चर्य वाटतं. एवढासा देश, पण पीअरलेस १९२६ ची, व्हिफा १९३३ ची, स्कॅनस्पीक १९७० ची. स्कॅनस्पीकचा रेव्हलेटर मालिकेतला कागदी कोन एकदा हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. कागदाच्या कोनाला मुद्दाम चिरा पाडलेल्या आणि त्या मऊ डिंकाने भरलेल्या. उजेडात धरला की चाकाच्या आऱ्यांसारख्या त्या रेषा दिसतात. चीर कशासाठी? कोन जोरात हलला की कागदात स्वतःच्या लाटा उठतात आणि त्या मूळ आवाजात मिसळतात. चिरेपाशी पोचली की ती लाट डिंकात विरते.

या तिन्ही घराण्यांचा प्रवास गुंतागुंतीचा आहे, मी भराभर सांगतो. स्कॅनस्पीक व्हिफाच्या छत्राखाली गेली. २००० साली व्हिफा आणि पीअरलेस एकत्र येऊन डॅनिश साउंड टेक्नॉलॉजी झाली. २००५ मध्ये ती सगळी कॅलिफोर्नियाच्या टिंफनीने घेतली. व्हिफाची काही युनिटं पीअरलेसच्या नावाने विकली जाऊ लागली, काही स्कॅनस्पीकच्या यादीत गेली, आणि व्हिफा हे नाव पुढे ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यांवर दिसलं. ज्यांनी व्हिफाच्या ट्वीटरभोवती, म्हणजे बारीक-उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या युनिटाभोवती, स्पीकर आखले होते, त्यांना जुना नंबर नव्या कुठल्या नावाखाली गेला हे शोधण्यासाठी तक्तेच करावे लागले.

पण २००९ मध्ये स्कॅनस्पीकच्या व्यवस्थापनातल्या माणसांनीच ती कंपनी परत विकत घेतली आणि व्हिडेबेक गावातल्या कारखान्यात काम चालू ठेवलं. नंतर ती तैवानच्या ईस्टेककडे गेली, तरी ते चिरांचे कोन आजही मिळतात. मला वाटतं याचं एक कारण असं, की स्कॅनस्पीक जगभरच्या स्पीकर कंपन्यांना आणि घरी पेट्या बांधणाऱ्या हौशी माणसांना सुटी युनिटं विकते, आणि तोच तिचा मुख्य धंदा आहे. तिने माल बंद केला तर तिच्यापाशी विकायला दुसरं काही उरतच नाही.

हात गेले तर

व्हिएन्नाच्या एकेजीची हकिकत याच्या उलट टोकाची आहे. १९४७ साली सुरू झालेली माइकची कंपनी. तिच्या १९५३ च्या सी१२ माइकमधली सीके१२ ही कॅप्सूल ध्वनिमुद्रणाच्या जगात दंतकथा झाली. कॅप्सूल म्हणजे काय, तर दोन्ही बाजूंना सोनं चढवलेले अतिशय पातळ पडदे, आणि त्यांच्यामध्ये बारीक भोकं पाडलेली धातूची चकती. पडदा किती ताणायचा हे यंत्रावर मोजता येतं, पण चांगला ताण बसवणारा कारागीर तयार व्हायला वर्षं लागतात.

एकेजी नव्वदीच्या दशकात हरमनकडे गेली, आणि हरमनला सॅमसंगने २०१७ च्या मार्चमध्ये ८०० कोटी डॉलरला घेतलं. आपल्या चाकणला गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचा हरमनचा जो कारखाना आहे, तोही तेव्हा त्याच झाडाची फांदी झाला. त्याच वर्षाच्या मध्याला एकेजीचं व्हिएन्नातलं काम बंद झालं. नाव चालू राहिलं, आजही फोनच्या हेडफोनवर ते दिसतं. पण तिथल्या वीस-बावीस माणसांनी त्याच शहरात ऑस्ट्रियन ऑडिओ नावाची नवी कंपनी काढली, सीके१२ च्या धर्तीवर सिरॅमिकच्या कड्याची स्वतःची कॅप्सूल घडवली, आणि २०१९ मध्ये त्यांचे पहिले माइक बाजारात आले.

नाव एकाकडे आणि हात दुसरीकडे असं हे वाटप झालं. मी माइक घ्यायचा झाला तर हात जिकडे गेले तिकडे आधी पाहीन.

पुण्याशी जुळणारा एक धागा

या विषयात आपला महाराष्ट्र विकणाऱ्यांच्या बाजूला नाही, एका ठिकाणी घेणाऱ्याच्या बाजूला आहे. इंग्लंडमधल्या स्टेनिंग गावी एसएमई नावाची कंपनी आहे. अ‍ॅलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांनी १९४६ साली ती सुरू केली तेव्हा तिथे हुबेहूब छोट्या प्रतिकृतींचे सुटे भाग बनत. १९५९ मध्ये त्यांना स्वतःला मनासारखा टोनआर्म हवा होता, म्हणून त्यांनी तो बनवला. ओळखीच्यांनी मागितला, आणि धंदाच बदलला. ३००९ हा त्यांचा आर्म बोटाने उचलून पाहिला की कळतं: सुरीच्या धारेवर तोललेला, हलका हात लावला की तरंगल्यासारखा सरकणारा. सुईचं डोकं आर्मला अडकवायची चार टाचण्यांची त्यांची खोबण इतकी सोयीची ठरली की जपान्यांनीही तीच उचलली. डीजे लोकांच्या टेक्निक्स एसएल-१२०० वर आज जी बसते ती त्याच मापाची.

रॉबर्टसन-एकमन २००६ मध्ये वारले. २०१६ च्या अखेरीस कुटुंबाने कंपनी विकली ती पुण्याच्या अजय शिर्के यांच्या कॅडेन्स समूहाला. शिर्के हे नाव आपल्याला बांधकामामुळे आणि क्रिकेटच्या कारभारामुळे माहीत, पण कॅडेन्सचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणि व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर हौशी मंडळींना आधीपासून परिचित होते. २०१८ मध्ये गॅरार्ड हे जुनं टर्नटेबलचं नावही याच समूहाकडे आलं, आणि त्यांच्या ३०१ या प्रसिद्ध यंत्राचं काम स्टेनिंगच्या कारखान्यात सुरू झालं.

मग २०१९ च्या डिसेंबरमध्ये एसएमईने जाहीर केलं की यापुढे टोनआर्म सुटे विकणार नाही, फक्त आपल्या टर्नटेबलसोबतच. साठ वर्षं जगभरच्या टर्नटेबलवाल्यांनी एसएमईच्या मापाची भोकं पाडलेले, आर्म बसवायचे पाट बनवले होते. त्यांना रातोरात दुसरा आर्म शोधावा लागला. मालकाच्या बाजूने हिशेब पटतो. हाताने बनणारे आर्म मोजकेच होतात, आणि एकटा आर्म विकण्यापेक्षा आख्खं टर्नटेबल विकलं तर त्याच आर्मवर कितीतरी जास्त मिळतं. कारखाना इंग्लंडमध्येच राहिला, कारागिरी राहिली, हेही खरं. तरी मला तो निर्णय लागला. तोवर एसएमई सगळ्यांची पुरवठादार होती, त्या दिवसापासून ती त्यांची स्पर्धक झाली. एखादी खरेदी चांगली की वाईट हे मी आता यावरूनच जोखतो: नवा मालक त्या भागाच्या जुन्या गिऱ्हाइकांशी स्पर्धा करणार आहे का? स्कॅनस्पीकच्या बाबतीत उत्तर नाही असं होतं. इथे ते हो असं आलं.

बाईंच्या प्लेअरचं शेवटी काय झालं ते सांगतो. दोन महिन्यांनी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे एका बंद पडलेल्या डॅक-यंत्राचा सर्किटचा पाट सापडला. त्याने तो पडदा लावलेल्या फडताळातून काढून दिला आणि पैसे घेताना दोनदा विचार केला. पाटावरची पीसीएम१७०४ गरम हवेने काढली, पाय साफ केले, आणि आधी थिनरचा कापूस फिरवून पाहिला. अक्षरं हलली नाहीत. तारखेचा आकडा भिंगाखाली वाचला: २००३ सालची, म्हणजे कंपनी टेक्सासकडे गेल्यानंतर तीन वर्षांनी बनलेली. बाईंच्या प्लेअरमधली उजवी १९९९ ची, बर-ब्राउन स्वतःच्या पायावर उभी असतानाची. दोन्हींच्या कोपऱ्यात तेच 'बीबी'.

डावी बसवली, दोन्ही बाजूंची पातळी मोजली. फरक इतका थोडा होता की एका रोधकाने जुळला. बाई स्वतः दुकानात आल्या, खुर्ची मध्यावर ओढून बसल्या आणि डोळे मिटून बैठक ऐकली. तंबोरे सुरू झाले तेव्हा त्यांनी आधी डावीकडे मान वळवली, मग उजवीकडे. "जोडी लागली," म्हणाल्या, आणि आवाज थोडा वाढवायला सांगितला.